संत्र्याच्या बागेतला उपग्रह

शामला गजभियेच्या पायाला भिंगरी आहे, असं नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या बायका म्हणत. तिशी ओलांडलेली, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि लग्नाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जाणारी. शाळेतून आली की चपला काढायच्या आधी ती गच्चीवर. गच्चीवर बांबूला बांधलेली तारांची फुली होती आणि तिच्याखाली पत्र्याच्या खोलीत तिनं स्वतः जोडलेला रेडिओ होता. हौशी रेडिओचा सरकारी परवाना परीक्षा देऊन मिळवलेली माणसं नागपुरात मोजकीच होती. त्यांत बाई ती एकटीच.

हे वेड बापाकडून आलेलं. महादेवराव फौजेत बिनतारी संदेशवाले होते. सुट्टीवर आले की पितळी ताटावर चमचा वाजवून ते लेकीला मोर्सची टिकटिक शिकवत, लांब कोणती आणि आखूड कोणती ते. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी तिला खांद्यावर घेऊन ते त्या अफाट गर्दीत उभे होते. तिथंही तिच्या गुडघ्यावर त्यांची बोटं काहीतरी वाजवत होती, असं तिला आठवायचं. "टिकटिकीले आडनाव नसते, बेटा," ते म्हणत. "समोरचा फक्त एवढंच पाहते, की तुहा हात साफ हाय का."

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिनं ऑस्कर ऐकला. कुठल्या सरकारचा नव्हे, तिच्यासारख्याच हौशी लोकांनी घरीदारी बसून बनवलेला उपग्रह. मोठ्या रॉकेटमधल्या उरल्यासुरल्या जागेत बसून तो वर गेला होता. क्षितिजावरून चढला, दूरच्या देशांतल्या माणसांचे आवाज घेऊन डोक्यावरून गेला आणि मावळला. शामला खुर्चीवरून उठली ती त्या दिवशी पुन्हा बसलीच नाही. भाकर तिनं उभ्यानं खाल्ली.

"बाबा, हे लोक घरी बनवून राहिले. मंग आपण काहून नाही?"

महादेवराव हसले नाहीत. "बनव न," एवढंच म्हणाले.

ती दोन माणसांकडे गेली. एक मधुकरराव, टेलिफोन खात्यातले इंजिनीयर, परवानाधारक आणि स्वभावानं फुंकून ताक पिणारे. दुसरा शालिकराम, जरीपटक्याच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा. तो कुठल्याही कामाला आधी हो म्हणायचा आणि मग विचार करायचा. दोन वर्षं तिघं दर रविवारी त्या पत्र्याच्या खोलीत घाम गाळत होते. शेवटी उभा राहिला तो एक डबा. शालिकरामचा ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबाच तो. आत ट्रान्झिस्टर आणि भंगारातल्या फौजी सेटमधले बॅटरीचे सेल. एरियल म्हणून सुताराच्या पोलादी मोजपट्टीची पाती, गुंडाळली की गुंडाळून राहायची आणि सोडली की ताठ उभी राहायची. एका लहरीवर आवाज ऐकायचा आणि तोच दुसऱ्या लहरीवर परत सोडायचा, हे त्याचं काम. कोणी बोलत नसेल तेव्हा आपली खूण म्हणून टिकटिक करत राहायचं. खाली पडल्यावर सापडावा म्हणून तीच टिकटिक मोठ्यानं वाजवणारा एक छोटा भोंगाही त्यात होता.

असा डबा उद्या कोणा रॉकेटवाल्यानं नेला तरी तो वरच्या थंडीत जगेल की मरेल, हे आधी कळायला हवं होतं. म्हणून फुगा. हवामानवाले सोडतात तसा मोठा रबरी फुगा ओळखीतून मिळाला. लाल-पांढऱ्या कापडाची छत्री शामलानं घरच्या मशीनवर शिवली. विमानतळाच्या परवानगीसाठी मधुकररावांनी खेटे घातले आणि बऱ्याच महिन्यांनी एक रविवार मिळाला. आठ जुलै, एकोणऐंशी.

नेमका तोच आठवडा स्कायलॅबचा निघाला.

अमेरिकेची ती घराएवढी अवजड प्रयोगशाळा आकाशातून खाली येत होती, आणि कुठं पडेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पानठेल्यावर दुसरा विषय नव्हता. शामलाच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीनं घरातली कोंबडी कापून सगळ्यांना खाऊ घातली होती, मरायचंच आहे तर तोंड गोड नाही तर तिखट तरी करून जाऊ म्हणून.

"पुढं ढकलू," मधुकरराव म्हणाले. "लोकं घाबरून आहेत. अशात आपण आकाशातून डबा खाली टाकायचा?"

"परवानगी पुन्हा कवा भेटन?"

"सहा महिन्यांनी भेटेल. वर्षानं भेटेल."

"तवापर्यंत सेल मरतील, मधुकरराव. अन् मी वेडी होईन." ती खोलीत येरझारा घालत होती. शालिकराम तिच्या वाटेतली स्टुलं उचलून बाजूला ठेवत होता. "डब्यावर कागद लावू. मराठीत, ठळक. भिऊ नका, हा शाळेतल्या बाईंचा प्रयोग हाय, खाली नाव-पत्ता."

मधुकररावांनी मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते त्यांनाही ठाऊक नसावं. कागद चिकटला आणि रविवार उजाडला.

कामठीच्या वाटेवरच्या मोकळ्या मैदानातून फुगा सुटला. पावसानं दोन दिवसांपासून उघडीप दिली होती. आधी फुगा पूर्वेकडे सरकला, मग उंच गेल्यावर जणू विचार बदलून पश्चिमेला वळला. पावसाळ्यात वरचा वारा उलटा वाहतो, हे त्यांनी धरलेलंच होतं. टिकटिक मात्र लख्ख येत होती. तासाभरानं शामलानं माईक हातात घेतला आणि हाक दिली. तिचाच आवाज वरून फिरून दुसऱ्या रेडिओतून तिच्या कानात पडला, थोडा बारीक, थोडा परका. आणि त्यानंतर हैदराबादेहून एक अनोळखी पुरुष इंग्रजीत म्हणाला, "नागपूर, तुमचा आवाज स्वच्छ येतोय. तुम्ही नक्की कशावरून बोलताय?"

"डब्यावरून!" शालिकराम माईकपासून चार हात लांब उभा राहून ओरडला. मधुकररावांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि कोणाचं लक्ष नाही असं वाटून जागच्या जागी एक गिरकी घेतली.

मग फुगा फुटला असावा. आवाज थरथरू लागला, खाली खाली येत पश्चिमेच्या झाडांमागं बुडाला. ते स्कूटरवरून काटोलच्या वाटेला लागले. अंधार पडेतो दर चार कोसांवर थांबून रेडिओ कानाला लावला. काही नाही. शामला घरी आली ती जिंकलेली आणि हरवलेली, दोन्ही एकदम.

सोमवारी संध्याकाळी शालिकराम धापा टाकत आला. त्याच्या दुकानात एसटीचा एक ड्रायव्हर रेडिओ घ्यायला आला होता. तो सांगत होता, नरखेडच्या पलीकडं वाघझरी नावाच्या गावात स्कायलॅबचा तुकडा पडला. लाल कापडातून उतरला आणि बोलत होता. गावचं गाव पळालं. एक म्हातारी पळता पळता पडली, हात मोडला.

मग मधुकरराव हळूच म्हणाले, "त्यांना स्कायलॅबच वाटतंय ना? मग वाटू द्या. परवा-तेरवा खरं पडेल, लोक विसरतील. आपला परवाना जमिनीवरच्या स्टेशनचा आहे, शामलाबाई. आकाशातल्याबद्दल त्यात अक्षर नाही. चौकशी लागली तर माझी नोकरी, तुमची नोकरी..."

"म्हातारीचा हात मोडला."

"तुम्ही गेल्यानं तो जुळणार आहे का?"

ती गच्चीवर गेली, खाली आली, पुन्हा गेली. महादेवराव ओट्यावर बसून तिची पावलं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जायचं हाय तं जाय. जिना काहून झिजवून राहिली?"

मंगळवारी सकाळी शाळेत निरोपही न धाडता ती एसटीत बसली. पिशवीत छोटा रेडिओ, पाण्याची बाटली आणि एक लुगडं. नरखेडला उतरून बैलबंडीनं, मग पायी. वाघझरी आली ती दुपार कलताना. वावरात कोणी नव्हतं. विहिरीवरचे पंप बंद. शाळेला कुलूप. एका अंगणात मात्र मोठ्या गंजात मटण शिजत होतं आणि भोवतीची माणसं लग्नाच्या नव्हे, मयतीच्या पंगतीसारखी गप्प बसली होती.

तुकडा कुठं पडला म्हणून विचारायची गरजच नव्हती. सगळे एका संत्र्याच्या बागेकडे तोंड करून होते. बागेत एका झाडाभोवती चुन्याची मोठी गोल रेघ ओढलेली होती. पोलीस पाटलानं ती ओढून ठेवली होती. कोतवाल नरखेडच्या ठाण्यावर जाऊन आला होता. पण अशा बातम्या दहा गावांहून येत होत्या, त्यामुळं शिपाई काही आला नव्हता. रेघेबाहेर काठ्या घेऊन पंधरा-वीस गडी उभे होते. झाडाच्या फांद्यांत लाल-पांढरी छत्री अडकलेली, आणि तिच्याखाली लोंबणारा तो डबा. त्यावर तिचा कागद स्पष्ट दिसत होता. भिऊ नका, असं त्यावर ठळक लिहिलेलं होतं, आणि ते वाचता येईल इतक्या जवळ कोणीच गेलं नव्हतं.

शामलाला रडू आलं की हसू, तिला समजलं नाही. ती रेघ ओलांडून आत गेली.

"ओ बाई! मरता का? मांगं या!"

तिनं टाचा उंच करून दोर सोडवला आणि डबा हातात घेतला. बाहेरचे सगळे दोन पावलं मागं सरकले. डबा एका कोपऱ्यात चेपला होता, मोजपट्टीची पाती वाकली होती. ती वळली.

"हे स्कायलॅब नाही. हे माहं हाय," ती म्हणाली. "मी नागपूरले शाळेत शिकवते. आम्ही घरी बनवलं, फुग्याले बांधून वर सोडलं. इथं येऊन पडन हे आमाले माहीत नव्हतं."

मग गर्दीतून एक उंच, पन्नाशीचा माणूस पुढं आला. धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा, डोळे झोप न झाल्यानं लाल. ते चंपतराव, बागेचे मालक.

"तुमचं हाय?"

"हो."

"माह्या मायचा हात मोडला, थे बी तुमचंच का?"

"हो," शामला म्हणाली. "त्याच्यासाठीच आली."

चंपतरावांना बहुधा भांडण हवं होतं, आणि समोर भांडणारं कोणी नव्हतं. ते जास्तच चिडले. "शिकलेले लोक तुमी! खेळ खेळता! अठे लोकाईनं बकऱ्या कापल्या, पोरी-बाळी सासराहून बोलावून आणल्या, का मरू तं संगं मरू. अन् तुमी वरून डबे फेकून रायले?" मग थोडं थांबून, "आडनाव काय तुमचं?"

"गजभिये."

तो एक क्षण तिला ओळखीचा होता. अशा वेळी माणसांच्या डोळ्यांत काहीतरी मागं सरकतं, दार पुढं लोटल्यासारखं. तिनं डबा छातीशी घट्ट धरला. मागून कोणीतरी पुटपुटलं. तेवढ्यात एक बाई गर्दी बाजूला सारत आली. हातात चाऱ्याची पेंढी, पदर कंबरेला खोचलेला.

"आडनावानं हात जुळते का?" ती चंपतरावांना म्हणाली. "माय बोलावून रायली हिले. उभी नोका ठेवू उन्हात."

ही कौसल्या, चंपतरावांची बायको.

म्हातारी भीमाबाई बागेतल्या खोपडीपुढं, म्हणजे राखणीच्या झोपडीपुढं, बाजेवर बसली होती. मनगटाला बांबूच्या काड्या बांधून वर हळदीचा लेप. तिनं शामलाकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुहा डबा होय?"

"हो, आजी. चुकलं माहं. चला, मी तुमाले काटोलच्या दवाखान्यात नेते. आत्ता."

"हात राहू दे. हात जुनाच होता." म्हातारीनं दुसऱ्या हातानं आकाश दाखवलं. "मले येक सांग. थे मोठं, थे कवा पडन?"

"बुधवारी. नाही तर गुरुवारी."

"अठे पडन?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. वर्गात तिनं मुलींना तसंच सांगितलं होतं. पण इथं ही म्हातारी मोडका हात मांडीवर घेऊन बसलेली, आणि मागं अख्खं गाव कान देऊन उभं.

"सांगता येत नाही, आजी. बहुतेक समुद्रात पडन. धरतीवर पाणीच जास्त हाय. अठे पडाची भीती लय थोडी. पण अजिबात नाही, असं मी म्हणू शकत नाही."

गर्दीत कुजबूज झाली. भीमाबाईनं मान डोलावली, जणू पहिल्यांदाच कोणी तिच्याशी शहाण्यासारखं बोललं होतं.

"तुले भेव नाई वाटत?"

"थोडं वाटते."

"मंग राय अठे," म्हातारी म्हणाली. "थे पडेलोक राय. तुले थोडंच भेव हाय, आमाले लय हाय. तू माह्या डोयापुढं बसली असली, तं मी समजन का बाई खरं बोलते. तू चालली गेली, तं समजन का पळाली."

"माय!" चंपतराव म्हणाले.

"तू चूप बैस गा. हात माहा मोडला, तुहा नाई."

आणि शामला राहिली. नाही म्हणायला तिला जागाच नव्हती, आणि खरं तर नाही म्हणावंसंही वाटलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला बौद्ध वस्ती होती. तिथून दोन बायका आल्या, जयभीम करून म्हणाल्या, आमच्याकडं चला ताई, जेवायला या. भीमाबाईनं त्यांनाही सोडलं नाही. "जेवन तुमचं आणा, पण अठे आणा. हे हालणार नाई." तेव्हा डाळभात खोपडीपुढं आला. कौसल्यानं त्यात आपली भाकर आणि ठेचा मिसळला, आणि चौघी-पाचजणी एकत्र बसून जेवल्या. चंपतराव दूर झाडाखाली पाठ करून बसले होते. पाठ केली, पण उठून गेले नाहीत.

जेवताना कौसल्यानं रविवारची गोष्ट सांगितली. म्हैस वेत होती. सगळे पळाले, पण अडलेली म्हैस टाकून ती कुठं जाणार? डबा झाडात अडकला तेव्हा ती त्याच्यापासून शंभर पावलांवर म्हशीचं रेडकू ओढत होती.

"मले लय भेव लागलं. पण रेडकू अर्धं आलं होतं, हात सोडता येईना. अन् थे आपलं टिक-टिक, टिक-टिक. येकसारखं. मंग मले वाटलं, हे मारायले नाई आलं. हे कोणाले तरी आवाज देऊन रायलं. हरवलं असन बिचारं." ती हसली. "रेडकू उभं राहिलं, तरी थे चालूच. गड्याईनं दुसऱ्या दिवशी गोटे मारायले घेतले. मी म्हणलं, खबरदार, ज्याचं हाय थो येईन घ्यायले."

शामला घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत त्या टिकटिकीबद्दल कोणी इतकं बरोबर बोललं नव्हतं.

बुधवार काढणं अवघड गेलं. सकाळपासून गावाला चैन नव्हतं. माणसं वावरात जात आणि अर्ध्यातून परत येत. कोणीतरी ओरडायचं, ते पाहा, आणि सगळे वर बघायचे. एखादी घार असायची. शामलालाही एका जागी बसवत नव्हतं. ती बागेतल्या ओळींमधून फिरत राहिली, आणि खोपडीपासून थोडी लांब गेली की भीमाबाईची हाक यायची, "ओ मास्तरीणबाई, कोठी चालली?" तिला शाळा आठवत होती, बाबा आठवत होते, मधुकररावांचा चेहरा आठवत होता. आणि मनात खोल कुठंतरी एक घाणेरडी भीती. जर खरंच इथं पडलं तर? जे आकडे तिला पाठ होते त्यांनी ती कमी होत नव्हती.

काहीतरी हाताला हवं म्हणून तिनं डबा उघडला. सेल संपले होते, एक तार तुटली होती. कौसल्यानं गावातून बॅटरीचे सेल आणवले, टॉर्चमधले. शामलानं विळ्याच्या टोकानं तार खरडली, पीळ देऊन जोडली आणि दातांनी दोरा आवळून बांधली. पिशवीतला छोटा रेडिओ भीमाबाईच्या बाजेवर ठेवला आणि डबा घेऊन ती स्वतः विहिरीच्या काठापर्यंत गेली. तिथं तिनं सेल जोडले. लांबवर खोपडीपुढं टिकटिक सुरू झाली. बायका दचकल्या, मग हसल्या, मग गडी गोळा झाले.

ती परत आली तेव्हा भीमाबाई रेडिओला कान लावून बसली होती.

"एवढंच?" म्हातारी म्हणाली.

"एवढंच, आजी. कोणी बोललं तं त्याचा आवाज दूरवर नेते. नाही तं एवढंच."

"याच्यासाठी मी पळाली?" भीमाबाई स्वतःवरच चिडली. "अन् हे वर पाठवून तुले काय भेटते वं?"

शामलानं पुष्कळ विचार केला. शाळेतल्या प्रदर्शनात अशा प्रश्नाला द्यायची उत्तरं तिच्याकडे तयार होती, पण ती इथं ओठांवर येईनात. "रविवारी हैदराबादचा एक माणूस माह्याशी बोलला," ती शेवटी म्हणाली. "मी त्याले ओळखत नाही, तो मले ओळखत नाही. आम्ही बनवलेल्या डब्यातून बोलला. मले लय बरं वाटलं, आजी. एवढं बरं मले कवाच नाही वाटलं."

"अन् मंग माहा हात मोडला."

"हो. अन् मंग तुमचा हात मोडला."

म्हातारीनं सुस्कारा सोडला आणि रेडिओ आपल्या बाजूला ओढून घेतला. संध्याकाळपर्यंत सेल उतरेतो ती टिकटिक तिच्या उशाशी चालू होती. कोणी बंद करू का म्हणून विचारलं की ती हात झटकायची.

गुरुवारी सकाळी अख्खं गाव पोलीस पाटलाच्या ओसरीवर आकाशवाणीच्या बातम्या ऐकायला जमलं. स्कायलॅब रात्री पडली होती. काही समुद्रात, काही ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात. माणूस दगावल्याची बातमी नव्हती. बातमी सांगणारा पुढच्या विषयाकडे वळला तरी क्षणभर कोणी हाललं नाही. मग एकदम सगळे उठले. कोणी नाचलं नाही, कोणी शामलाचे आभार मानले नाहीत. ज्यांनी बकऱ्या कापल्या होत्या ते कोणाशी नजर मिळवत नव्हते. घटकाभरात विहिरींवरचे पंप धडधडू लागले आणि ओसरी रिकामी झाली.

भीमाबाई मात्र तयार होऊन बसली होती, नवं लुगडं नेसून. "चाल आता," ती शामलाला म्हणाली. "तू दवाखान्यात नेते म्हणली होती. मी इसरली नाई."

चंपतरावांच्या बंडीतून तिघं नरखेडला आणि तिथून एसटीनं काटोलला गेली. डॉक्टरांनी हाड बसवलं तेव्हा म्हातारीनं शामलाचा दंड असा धरला की बोटांचे वळ उठले, पण तोंडातून आवाज काढला नाही. प्लास्टर वाळेतो चंपतराव बाहेरच्या बाकावर शामलाच्या शेजारी बसले. दोन दिवसांत ते पहिल्यांदाच तिच्या शेजारी बसत होते. डबा दोघांच्या मध्ये होता.

"पुढच्या खेपेस उडवाल तं आमच्या बाजूनं नोका उडवू," ते समोर पाहत म्हणाले.

"वारा नेईन तिकडं जाते ते, भाऊ."

"मंग वाऱ्याले सांगा." त्यांनी बोटानं डब्याची चेपलेली कड चाचपून पाहिली. "हे ठोकून सरळ होते. लोहाराकडं द्या. पत्रा चांगला हाय."

नागपूरच्या बसस्टँडवर मधुकरराव उभे होते. रोज संध्याकाळी ते येऊन काटोलकडच्या गाड्या पाहत होते, हे तिला शालिकरामनं नंतर सांगितलं. त्यांनी डबा तिच्या हातातून घेतला, काखेत धरला आणि चालू लागले.

"मी तिथं नाव सांगितलं," शामला म्हणाली. "माहं एकटीचंच सांगितलं."

"तिघांचं सांगायचं होतं," मधुकरराव म्हणाले. मान खाली घालून, पण म्हणाले.

चौकशी आलीच. दिल्लीहून एक साहेब आले, खोली पाहिली, डबा उलटापालटा करून पाहिला, तिघांची उत्तरं लिहून घेतली. वर्षभर तिघांनाही रेडिओवर बोलायची बंदी झाली. ऐकायला मनाई नव्हती. शाळेत मुख्याध्यापिकाबाईंनी तिला समोर बसवून खडसावलं, आणि मग दार लावून घेत हळूच विचारलं, हैदराबादचा आवाज खरंच स्वच्छ होता का. मधुकररावांची बढती हुकली. त्यांनी घरी ते महिनाभर सांगितलं नाही, आणि रविवारची एकही बैठक चुकवली नाही.

कारण बंदी बोलण्यावर होती, बनवण्यावर नव्हती. रविवारी खोलीत पुन्हा तारा जोडायच्या कल्हईचा आणि घामाचा वास भरू लागला. दुसरा डबा पहिल्यापेक्षा हलका होता, तिसरा त्याहून बरा. एकही कधी अंतराळात गेला नाही. दूरदेशीच्या एका हौशी मंडळानं त्यांच्या तिसऱ्या डब्याची रचना पाहायला मागवली, आवडली म्हणून कळवलं, आणि त्यांचं रॉकेट दुसऱ्याच कोणाचा डबा घेऊन गेलं. त्या दिवशी शालिकराम दुकान बंद करून झोपून राहिला.

शामला मात्र गच्चीवर होती. येरझारा घालत, मान वर करून. महादेवरावांनी खालून हाक दिली, "जेवाले ये वं, ताट थंडं होऊन राहिलं." तिनं ऐकलं नाही. चौथ्या डब्यात बॅटरी कुठं बसवायची याचं तिला नुकतंच काहीतरी सुचलं होतं, आणि ते विसरायच्या आत ती जिना उतरायला धावली.